कसर खाते

आमच्या फोंड्याकडच्या घराची मंगळुरी कौले २०१७च्या मे महिन्यात उतरवायला घेतली, तेव्हा माळ्यावरचे सगळे सामान खाली राजांगणात आले. तांब्याचे हंडे, मोडका पाळणा, चतुर्थीच्या माटोळीची लाकडी चौकट आणि त्यांच्यामागून दोन शिसवी कपाटे व एक पत्र्याची ट्रंक. कपाटांत आजोबांच्या पाक्षिकाचे अंक आहेत हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. ट्रंकेत काय आहे ते मात्र कोणीच सांगू शकत नव्हते. उघडली तर हिशेबाच्या वह्या निघाल्या. लांबट, लाल कापडाच्या बांधणीच्या, दोरीने आवळलेल्या, एकूण २३. प्रत्येक वहीच्या पानापानांतून चिठ्ठ्या डोकावत होत्या.

अंक ठेवायचे यावर घरात एकमत होते. वह्यांसाठी चुलतभावाने रद्दीवाल्याला आधीच बोलावले होते. त्याला दोष देत नाही. पाऊस तोंडावर आला होता, घर उघडे होते आणि मोडी कोणालाच वाचता येत नव्हती. रद्दीवाला वजनकाटा घेऊन आला तेव्हा आत्या बाहेर आली, ट्रंकेचे झाकण पाडले आणि त्यावर बसली. तेव्हा तिचे वय ८९. "हें उडोवंक दिवंक ना हांवें," एवढेच म्हणाली. रद्दीवाला चहा पिऊन परत गेला.

पुढची पाच वर्षे मी त्या कागदांबरोबर काढली. ती कशी गेली ते लिहून ठेवते आहे, कारण गोव्यातल्या कितीतरी घरांत असे पेटारे अजून माळ्यावर आहेत आणि दर उन्हाळ्यात त्यातले काही काट्यावर चढतात.

आजोबांना आम्ही आबा म्हणत असू. त्यांचे नाव आणि पाक्षिकाचे नाव मी इथे घेणार नाही. का, ते पुढे येईल.

आबांबद्दल घरात जे बोलले जाई ते थोडके होते. १९२१ मध्ये त्यांनी छापखाना घातला, पाक्षिक काढले आणि १९३७ मध्ये बंद केले. बोलणे कमी, राग नाकावर. आणि पत्रापायी कुळागर गेले. हे शेवटचे वाक्य माझे वडील मरेपर्यंत म्हणत. झऱ्याकाठचे सुपारी-मिरीचे कुळागर आबांनी १९३४ मध्ये विकले. पाक्षिकाने ते गिळले, अशी वडिलांची पक्की समजूत होती आणि त्यामुळे छापील अक्षराबद्दलच त्यांच्या मनात एक अढी होती. मी मराठीची शिक्षिका झाले तेव्हाही ते पूर्ण खूश नव्हते.

आबांचा काळ समजल्याशिवाय त्या वह्या समजत नाहीत. गोव्यात छापखाना आला १५५६ मध्ये, भारतातला पहिला. थॉमस स्टीफन्स या जेझुइट पाद्र्याचे मराठी क्रिस्तपुराण १६१६ मध्ये इथे छापले गेले, तेही रोमन लिपीत. पुढे छपाई बंद पडली ती थेट १८२१ मध्ये सरकारी 'गाझेता द गोवा'बरोबर परत आली. म्हणजे गोव्याला छपाईचा इतिहास मोठा, पण इथल्या हिंदू समाजाच्या वाट्याला ती फार उशिरा आली. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले आणि गोव्यातल्या हिंदूंना नागरिक म्हणून बरोबरीची जागा मिळाली. बांध फुटावा तसे झाले. मराठी नियतकालिके निघाली, शाळा निघाल्या. फोंड्यात दादा वैद्यांनी आल्मैद शाळेसाठी जिवाचे रान केले. त्याच सुमारास पणजीत घरोघरी रोज मूठभर तांदूळ बाजूला काढून मुष्टिफंड उभा राहिला. आबा त्या वेळी विशीत होते. त्यांच्या पिढीला वर्तमानपत्र आणि शाळा या दोन वेगळ्या गोष्टी वाटतच नव्हत्या. वाचणारे नसतील तर पत्र कोणासाठी काढायचे?

पहिल्याच दिवशी माझ्या हातून जे झाले ते अजून सलते.

मी शिक्षिका, मला नीटनेटकेपणाची सवय. राजांगणात चटई अंथरली, वह्या उघडल्या आणि आतल्या चिठ्ठ्या काढून त्यांचे गठ्ठे केले. मराठी एकीकडे, पोर्तुगीज दुसरीकडे. पत्रे वेगळी, पावत्या वेगळ्या, महत्त्वाची वाटली ती तिसरीकडे. टाचण्या गंजलेल्या होत्या, त्या उपसून डब्यात टाकल्या. संध्याकाळपर्यंत दीड वही रिकामी झाली होती आणि मला समाधान वाटत होते.

त्या आठवड्यात ओळखीतून एक गृहस्थ घरी आले. पुराभिलेखाच्या कामात त्यांचा जन्म गेलेला. मी त्यांना सरच म्हणते. गठ्ठे पाहून ते काही क्षण बोललेच नाहीत. मग खाली बसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, ह्या चिठ्ठ्या कुठल्या पानात होत्या?"

मला सांगता येईना.

ते रागावले नाहीत. त्यांनी समजावून सांगितले की माणसाने कागद ज्या क्रमाने ठेवलेले असतात तो क्रम हाही एक कागदच असतो, आणि तो न लिहिलेला असल्यामुळे एकदा मोडला की परत मिळत नाही. चिठ्ठीवर नुसते "पोचले" लिहिलेले असेल तर ती निरर्थक. पण कोणत्या नोंदीला ती टाचली होती हे कळले तर तीच चिठ्ठी बोलायला लागते. "दफ्तर जपायची रीत गोव्याला नवी नाही," ते म्हणाले, "१५९५ मध्ये दियोगु द कोउतो या पोर्तुगीज इतिहासकाराने इथला दफ्तरखाना मांडला. पण घरातले दफ्तर घरातल्यांनीच जपायला हवे, तिथे सरकार येत नाही."

माझ्या डब्यात दीड वहीच्या टाचण्या होत्या आणि चटईवर २११ चिठ्ठ्या, बेवारस.

मार्ग सरांनीच दाखवला. टाचणी ऐंशी-नव्वद वर्षे एका जागी राहिली की गंजाचा डाग दोन्ही कागदांवर उमटतो, चिठ्ठीवरही आणि वहीच्या पानावरही. दोन्ही डाग एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. टाचणी तिरकी असेल तर डाग तिरके, वाकलेली असेल तर वाकलेले. मग सुरू झाले ते काम. भिंग, मोजपट्टी आणि खिडकीचा उजेड. एकेका चिठ्ठीला तिच्या डागाचे माप पेन्सिलीने एका वेगळ्या कागदावर लिहायचे, मग पाने उलटत जायची. पहिली जुळली तेव्हा मी मोठ्याने ओरडले. आत्या देवघरातून काठी टेकत आली. काय झाले ते तिला दाखवले. तिने दोन्ही डागांवरून बोट फिरवले आणि म्हणाली, "बाय, पयलीं च्या घे."

उरलेल्या वह्यांना मी पुन्हा तसा हात लावला नाही. प्रत्येक पान उघडायच्या आधी भाच्याने मोबाइलवर फोटो काढायचा, मग चिठ्ठीला आणि पानाला एकच क्रमांक मऊ पेन्सिलीने कोपऱ्यात लिहायचा, मगच टाचणी काढायची. पेन नाही, डिंक नाही, चिकटपट्टी तर अजिबात नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्या मी हौसेने आणल्या होत्या, त्या सरांनी परत पाठवल्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात हवेतच इतका ओलावा असतो की प्लॅस्टिकमध्ये कागद घुसमटतो आणि बुरशी धरतो. आम्लविरहित कागदाची पाकिटे आणि पुठ्ठ्याच्या पेट्या मागवल्या. त्या महाग पडल्या, पण दुसरा इलाज नव्हता. धूळ मऊ कुंचल्याने, नेहमी मधून कडेकडे झाडायची. आत्या आपल्या वडिलांच्या पोथ्यांना लाल फडक्यात वेखंडाची पूड घालून ठेवत असे. तिच्या पोथ्यांना एकही छिद्र नव्हते, ते पाहून सरांनीही मान डोलावली.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत काम बंद. चार महिने पेट्या मधल्या खोलीत, जमिनीपासून दीड हात उंच फळीवर, भिंतीला न चिकटवता. त्या चार महिन्यांत मी मोडी शिकले.

मोडी शिकणे म्हणजे नवी लिपी शिकणे नाही, आपलीच लिपी विसरून पुन्हा ओळखणे. आधी आडवी रेघ ओढलेली असते आणि अक्षरे तिला लटकलेली. शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही, हात उचललेला नाही. पहिले दोन महिने मला फक्त आकडे आणि "श्री" कळत होते. मग एका सकाळी "वर्गणी" हा शब्द एकदम पानभर दिसायला लागला, जिकडे पाहावे तिकडे. त्या दिवसापासून आबांचा हात मला ओळखू येऊ लागला. र ते कसा वळवतात, घाईत असले की ण कसा मोडतो.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. कपाटातले अंक, ज्यांना आम्ही सगळे खजिना समजत होतो, ते हातात घेताच कडांनी तुटत होते. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातले आम्ल त्यालाच जाळत जाते, म्हणून तो पिवळा पडतो, मग तपकिरी, मग चुरा. पोर्तुगीज पत्रे हिराकशीच्या शाईची. काही ठिकाणी शाईनेच कागद खाऊन अक्षराच्या आकाराची भोके पडलेली. पण वह्यांचा कागद चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला, हातचा, आणि शाई काजळीची. ती पाने आजही कुरकुरीत आहेत. आबांनी जगासाठी जे छापले ते विरत चालले आहे आणि जे फक्त स्वतःसाठी लिहिले ते टिकले.

अंकांसाठी मी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बऱ्याच खेपा घातल्या. १८३२ मध्ये सुरू झालेले हे ग्रंथालय, जुन्या गोमंतकीय नियतकालिकांसाठी तिथे गेल्याशिवाय गत्यंतर नाही. त्या काळची इतर पत्रे शेजारी ठेवून वाचली की आबांचे पाक्षिक किती साधे होते हे कळते. चार पाने, कधी सहा. पीकपाणी, देवस्थानांचे तंटे, शाळांच्या वार्ता, मुंबईतल्या गोवेकरांची पत्रे. भाषा सरळ. त्यांच्या अग्रलेखांत मला फार मोठा विचारवंत दिसला नाही आणि तो दाखवायचा अट्टहासही मी करणार नाही.

सेन्सॉरची प्रुफे मात्र वेगळ्याच एका पिशवीत होती. १९२६ मध्ये लिस्बनमध्ये लष्कराने सत्ता घेतली, मग हुकूमशहा सालाझार आले, आणि छापण्याआधी मजकूर तपासून घ्यायची सक्ती आली. गोव्यात तर पुढे लग्नाच्या पत्रिकासुद्धा तपासून घ्याव्या लागत. पिशवीत प्रुफांच्या जोड्या होत्या. एक पाठवलेले, एक परत आलेले, त्यावर शिक्का आणि लाल पेन्सिलीच्या रेघा. १९३० मध्ये लिस्बनने वसाहतींसाठी नवा कायदा आणायला घेतला आणि लुईस द मिनेझिस ब्रागांझांनी गोव्याच्या मंडळात त्याविरुद्ध ठराव मांडला. आबांनी त्या ठरावाचा मराठी तर्जुमा करून छपाईचे खिळे जुळवले होते. प्रुफावर तो तर्जुमा वरपासून खालपर्यंत एका रेघेने खोडलेला आहे. छापील अंकात त्या जागी भाताचे बियाणे भुंग्यांपासून कसे राखावे याची माहिती आहे. बरोबर तेवढ्याच ओळी. मी मोजल्या.

पण मला जे सांगायचे आहे ते हे नाही.

वह्यांत तीन प्रकार होते. रोजच्या जमाखर्चाची रोजकीर्द, खातेवार हिशेबाची खतावणी आणि वर्गणीदारांची वही. खतावणीत कागद, शाई, खिळे, मजुरी, टपाल अशी खाती ओळीने मांडलेली. रुपया, तांगा आणि रेइस यांचा हिशेब, १६ तांग्यांचा रुपया आणि ९६० रेइसांचा. मी शोधत होते ते धर्मादाय खाते. आबांनी कोणाकोणाच्या मुलांना शिकवले अशी पुसट कुजबुज गावात होती आणि त्या काळच्या कोणत्याही व्यापाऱ्याच्या वहीत धर्मादाय खाते असतेच. आबांच्या २३ वह्यांत ते एकाही पानावर नव्हते. मला वाईट वाटले. म्हणजे वडील म्हणत तेच खरे, सगळे पत्रानेच खाल्ले.

एका दुपारी आत्याला जुन्या छापखान्याबद्दल विचारत बसले होते. ती तेव्हा नव्वदीपुढे गेलेली, पण लहानपणीचे तिला स्वच्छ दिसे. छापखाना पडवीच्या उजव्या अंगाला. पायाने चालणाऱ्या ट्रेडलचा आवाज ऐकत ती झोपी जाई. संध्याकाळी कारकून वही घेऊन आबांसमोर बसे आणि एकेक रक्कम विचारी, ही कुठे मांडू? "आनी आबा म्हणटालो," ती म्हणाली, "तें कसरींत मांड. सगळें कसरींत. म्हाका दिसतालें, कसर म्हळ्यार ती किडूच." कागद खाणारी चंदेरी कीड, तिलाही आपण कसरच म्हणतो. लहानग्या आत्याला वाटे, बाबा पैसे किड्याला का घालतात?

हिशेबातली कसर म्हणजे किरकोळ सूट-तूट. १०० रुपये येणे असताना ९९ आले तर तो एक रुपया कसर-वटावाला टाकून खाते मिटवायचे. कुठल्याही धंद्यात हे खाते असते आणि कोणीही ते वाचत नाही, कारण त्यात वाचण्यासारखे काही नसते. मीही ते उलटून पुढे गेले होते.

त्या रात्री १९२४ची खतावणी काढली. कसर खाते. पहिल्या पानावर खरोखरच तांगे आणि रेइस. तिसऱ्या पानापासून रकमा वाढत जातात. ७ रुपये. १५ रुपये. ४० रुपये. नुसती तारीख, एक दोन अक्षरी खूण आणि रक्कम. रोजकीर्दीत त्याच तारखेला तीच रक्कम आणि तिला टाचलेली चिठ्ठी. पुण्याच्या एका वसतिगृहाची पावती. पणजीच्या औषधविक्रेत्याचे पोर्तुगीज बिल. देवळाच्या मंडपात मराठी शाळा चालवणाऱ्या एका मास्तरांचे पत्र, तीन महिन्यांचा पगार पोचल्याचे. बाळंतिणीसाठी तूप. मुंबईची आगबोट. एका विधवेच्या गहाण दागिन्यांची सोडवणूक.

पहाट होईपर्यंत वाचत होते.

मग वर्गणीदारांची वही शेजारी घेतली. वर्षाची वर्गणी ३ रुपये. वर्गणीदार कधीही साडेचारशेच्या वर गेलेले नाहीत, आणि त्यातले शंभराच्या आसपास असे की ज्यांच्या नावापुढे वर्षानुवर्षे पैसे आलेलेच नाहीत. बहुतेक खेड्यातले मास्तर, भटजी, पोस्टातले लोक. दर दिवाळीला त्यांची बाकी एका रेघेने मिटवलेली आणि शेवटी एकच शब्द, कसर. अंक मात्र चालू. म्हणजे ज्याला घरातले "तोट्यात गेलेले पत्र" म्हणत, त्यातला मोठा तोटा आबांनी जाणूनबुजून, दरसाल, स्वतःच्या हाताने लिहिलेला होता.

आणि कुळागर? १९३४ची वही मी मुद्दाम सगळ्यात शेवटी उघडली. धीर होत नव्हता. विक्रीची रक्कम जमा आहे. त्यातला पाचवा हिस्सा छापखान्याच्या देण्यांत गेला. बाकी सगळा दीड वर्षात कसरीत. त्या वर्षांत मंदी होती, मुंबईला नोकऱ्या करणारे गोवेकर परत येत होते आणि कसर खात्याची पाने त्या दोन वर्षांत सर्वांत दाट आहेत. वडील जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. हे त्यांना वाचून दाखवता आले असते तर, असे त्या रात्री कितीदा वाटले. कुळागर गेल्याचे त्यांचे दुःख त्याने कमी झाले असते असे मी म्हणत नाही. त्यांना लहानपणी खरोखरच ओढगस्त सोसावी लागली, आणि आबांनी घरच्यांना न विचारता दुसऱ्यांच्या मुलांना दिले, हेही त्याच वहीत आहे. मला त्याबद्दल आबांचा आजही थोडा राग येतो. पण वडिलांना निदान खरे कळले असते.

१९३७ मध्ये पाक्षिक बंद झाले. छापखाना विकला. कागद, शाई, खिळे, सगळ्या खात्यांवर शेवटची रेघ. एक खाते उघडे राहिले. धंदाच नाही तर कसर कसली? तरीही आबांच्या निधनापर्यंत, १९५३ पर्यंत, दर वर्षी नव्या वहीत "श्री" खाली कसर खाते मांडलेले आहे. शेवटच्या वह्यांत दुसरे कुठलेच खाते नाही.

हे सगळे कळल्यावर कागद घरात ठेवणे मला जड वाटू लागले. घर कौलारू, वाळवी जवळ, माझे वय वाढते आहे. एका संस्थेला ते द्यायचे ठरले. आणि इथे सर्वांत अवघड भाग आला, ज्याची मी कल्पनाच केली नव्हती.

नोंदींत खुणा होत्या, पण चिठ्ठ्यांत पूर्ण नावे होती. त्या घरांतली माणसे आज डॉक्टर आहेत, वकील आहेत, काही गोव्यात चांगली ओळखली जातात. आपल्या आजीचे दागिने कोणी सोडवले, हे त्यांनी संशोधकाच्या प्रबंधात वाचावे का? चुलतभावाचे म्हणणे, यात लाज कसली, आबांचे नाव व्हायला हवे, त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू करू. त्याच्या बोलण्यात प्रेमच होते. पण ज्या माणसाने तीस वर्षे आपले देणे किरकोळ तुटीच्या खात्यात लपवले, त्याच्या नावाने फलक लावायचा? आणि त्यासाठी घेणाऱ्यांची नावे उघडी करायची? आम्ही दोघे दोन महिने एकमेकांशी नीट बोललो नाही. शेवटी आत्यानेच निकाल दिला. आबा हयात असताना त्या घरांतली माणसे रस्त्यात भेटली की आबाच आधी मान खाली घालत, असे तिने सांगितले. चुलतभाऊ उठून तिच्या पायाशी बसला.

दानपत्रात मग असे लिहिले. अंक, प्रुफे आणि खतावण्या सर्वांना खुल्या. ज्यांत घेणाऱ्यांची नावे आहेत त्या चिठ्ठ्या आणि पत्रे २०५३ पर्यंत मोहोरबंद, आबांच्या निधनाला शंभर वर्षे होईतो. त्याआधी एखाद्या घरातल्या माणसाला आपल्या घरापुरते पाहायचे असेल तर दाखवावे. कागदांची मालकी संस्थेची, मजकुराचा हक्क कुटुंबाचा, सगळ्या पानांच्या डिजिटल प्रती आम्हालाही. मूळ क्रम बदलू नये, हे कलम मी हट्टाने घातले. ज्यांच्या माळ्यावर असे कागद असतील त्यांनी देताना तोंडी ठरवू नये, सगळे लिहून घ्यावे. देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, दोघांचाही भाव चांगला असला तरी माणसे बदलतात.

स्कॅनिंगला सात महिने लागले. भाचा रात्री नोकरीवरून येऊन करी. प्रत्येक पान वरून टिपणाऱ्या स्कॅनरखाली, वही पूर्ण न उघडता, दोन उशांवर टेकवून. एकूण ९,००० च्या वर प्रतिमा झाल्या.

२११ बेवारस चिठ्ठ्यांपैकी १९४ ला जागा सापडली. १७ राहिल्या. त्या वेगळ्या पाकिटात, "जागा सापडली नाही, चूक माझी" अशी तारीखवार नोंद करून, संस्थेकडे दिल्या. त्यांच्या प्रतिमा माझ्याकडे आहेत आणि अजून अधूनमधून मी त्या घेऊन बसते.

२०२२च्या नोव्हेंबरात पेट्या गेल्या. आत्या तोवर नव्हती. रिकाम्या ट्रंकेत मी तिचे वेखंडाचे लाल फडके घडी करून ठेवले.

गेल्या महिन्यात सतरातली एक जुळली. इतकी वर्षे मी तिला खतावणीत आणि रोजकीर्दीत शोधत होते. डाग निघाला वर्गणीदारांच्या वहीत, काणकोणकडच्या एका मास्तरांच्या नावाशेजारी, ज्यांनी कधी वर्गणी दिली नव्हती. मोडी नाही, बाळबोध अक्षर, लहान मुलाचे, ओळी खाली उतरत गेलेल्या. "पुस्तके पोचली. पाटी वाटेत फुटली." खाली काही नाही.

मग रोजकीर्दीच्या प्रतिमा काढल्या. चार दिवसांनंतरची नोंद, आबांच्या हातची. पाटी १, तांगे ३. कसर.